कडी नसलेला वाघ

“ह्याला कडी कुठाय?”

तंबूच्या दारात उभं राहून नानांनी विचारलं. आमचं सामान आणून ठेवणारा कॅम्पवरचा माणूस पुरता गोंधळला.

“कडी नाई काकाजी, चेन आहे ना. अशी खाली ओढली का झालं बंद.” त्यानं चेन सर्रकन खाली ओढून दाखवली आणि परत वर केली.

नानांनी स्वतः ती तीनदा खालीवर करून बघितली. चौथ्यांदा ती मधेच अडकली.

“चेनचं घर!” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “शैले, असल्यात मानूस झोपतोय व्हय?”

“वाघाला काय चेन उघडता येतीया?” आई आतून म्हणाली. ती केव्हाच पलंगावर बसून स्वतःचे पाय चेपत होती. “आन् आला तर येऊ द्या. एकतीस वर्सं तुमीच त्याच्याकडं जात हुता. एकदा त्यो आपल्याकडं आला तर काय बिघडलं?”

“वाघाचं न्हाई गं,” नाना म्हणाले. मग ती अडकलेली चेन सोडवत बसले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी टेलिफोन खात्यात होते आणि सरकारी प्रवास सवलतीत आईनानांना घेऊन विदर्भातल्या त्या जंगलात गेले होते. नवऱ्याला रजा नव्हती. तो म्हणाला, तुम्ही तिघं जाऊन या, नानांना बरं वाटेल. नानांना बरं वाटायला हवं होतं, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता.

आमच्या शहरात महापालिकेचं प्राणिसंग्रहालय आहे. त्याला कुणी प्राणिसंग्रहालय म्हणत नाही, सगळे नुसतं ‘बाग’ म्हणतात. माझे वडील, गणपत शिंगाडे, या बागेत वाघांकडे कामाला होते. पिंजरे धुणं, मांस घालणं, डॉक्टर सांगतील ते औषध मांसाच्या तुकड्यात लपवून वाघाच्या पोटात पोचवणं, हे त्यांचं काम. पिंजऱ्याला मागच्या बाजूनं एक लोखंडी दार असतं. तिथून आतबाहेर करायचं आणि दर वेळी कडी लावायची. कडी लावली की नाना ती तीनदा ओढून बघत, आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणत, “लागली. लागली. लागली.”

बागेत हे ठीक होतं. पण हा मंत्र घरीसुद्धा चालायचा. पुढचं दार, मागचं दार, न्हाणीघर, एवढंच काय, मिठाच्या बरणीचं झाकण. आम्ही भावंडं त्यांच्या मागे उभं राहून एका सुरात ‘लागली’ म्हणायचो आणि पळायचो. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी मी गाडीत बसले, तेव्हा नानांनी गाडीचं दार लावून तीनदा ओढून बघितलं. लोकांना वाटलं, बापाला लेकीची गाडी सोडवत नाही. मावशीनं तर पदर डोळ्याला लावला. फक्त मला ऐकू आलं होतं ते काय पुटपुटले ते.

ते निवृत्त झाले तेव्हा बागेनं शाल आणि नारळ दिला. मी विचारलं, “नाना, तुम्हाला माझ्याकडून काय हवं?” या माणसानं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. नवा सदरा आणला तरी ‘आधीचा काय फाटला का?’ म्हणायचे. तीन दिवस त्यांनी विचार केला. चौथ्या दिवशी गवारीच्या शेंगा मोडता मोडता म्हणाले, “एक वाघ बघायचाय. कडी नसलेला.”

मी हसले, आणि मग हसू आवरलं, कारण ते हसत नव्हते. रजा आणि सवलत यांचा मेळ बसायला पुढं दोन वर्षं गेली. मार्चचे पहिले दिवस होते. पळस फुलले होते आणि पहाटे अजून अंगावर काटा येत होता. तीन सफारी मिळाल्या होत्या: शनिवारी दुपारची, रविवारी सकाळची आणि सोमवारी सकाळची. सोमवारी संध्याकाळी परतीची गाडी.

शनिवारी आमच्या जिप्सीत गाइड म्हणून जयवंता मडावी आली. खाकी सदरा, केसांचा घट्ट बुचडा, तिशीच्या आतबाहेरची बाई. जंगलाच्या काठावरचंच तिचं गाव. गेटाच्या अलीकडे ऐनाच्या झाडाखाली लाकडात कोरलेला एक खांब होता, शेंदूर लावलेला. त्यावर वाघाचा आकार अगदी ओबडधोबड, लहान मुलानं काढावा तसा. जयवंता उतरून हात जोडून आली. तिच्या मागोमाग नानाही उतरले, चपला काढल्या आणि नमस्कार करून आले.

“तुमी बी मानता का जी, काकाजी?” तिनं कौतुकानं विचारलं.

“मानतो म्हंजे? मी एकतीस वर्सं ह्यांच्याकडंच नोकरीला हुतो,” नाना म्हणाले.

मग तिला सगळं सांगावं लागलं. तिला भारी मजा वाटली. वाघाचं नाव ती जंगलात घेत नसे, ‘मोठा’ किंवा ‘मोठी’ म्हणायची. नाना म्हणाले, आम्हीही पिंजऱ्यापुढं वाघ म्हणत नव्हतो, त्यांना राग येतो. आमच्या वाघिणीचं नाव चिमणी होतं. बागेतच जन्मली, बागेतच म्हातारी झाली, माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेली.

“मंग आता कोनता मोठा पाहाचा आहे तुमाले?”

“कंचा बी चालंल. पन बसलेला नको, चालताना बघायचाय,” नाना म्हणाले. “बागेत अकरा पावलं झाली की भित येती. मग वळायचं, परत अकरा. दिवसभर तेच. माझ्या कानात बसल्यात ती. बारावं पाऊल कसं पडतं, तेवढं बघायचंय.”

त्यानंतर जयवंता पुढं बघण्यापेक्षा नानांकडेच जास्त बघत होती, असं मला वाटलं.

त्या दुपारी वाघ दिसला नाही. आईची मात्र चैन झाली. चितळांचे कळप, गवे, एक अस्वल पाठमोरं. आणि मोर तर तिनं चौदा मोजले. पंधरावा लांडोर निघाली म्हणून तिनं धरली नाही. “बागंत दोनच हुतं, त्ये बी पिसं झडल्यालं,” ती नानांना ऐकवत होती. जणू मोरांची जबाबदारीही नानांवरच होती.

रविवारी सकाळी वेगळा गाइड आला, कारण तिथं गाइड नंबराप्रमाणे मिळतो. हा गडी उत्साही. कुठल्याशा जिप्सीवाल्यानं हात करून खूण केली आणि आमची गाडी धुरळा उडवत तळ्याकाठी पोचली. तिथं आधीच अकरा-बारा जिप्सी दाटीवाटीनं उभ्या होत्या, आणि सगळे लोक उभे राहून एकाच झुडपाकडे बघत होते. गवतात काहीतरी हललं.

“नाना! दिसला! तो बघा, कान!” मी त्यांचा दंड हलवला.

नानांनी शांतपणे बघितलं. “व्हय, कान हाय,” ते म्हणाले.

“वाघाचाच आहे नाना!”

“वाघाचाच हाय. मी कुठं बैलाचा म्हनतोय?” ते खाली बसले. “कानाला धरून काय करू मी?”

अर्धा तास थांबूनही कानाच्या पुढं काही दिसलं नाही. परत येताना गाइडनं विचारलं, “झालं ना जी समाधान?” आणि नाना भला माणूस असल्यामुळे हो म्हणाले. कॅम्पवर जेवताना मात्र त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही. नंतर मला म्हणाले, “ऱ्हाऊ दे शैले. तुझी रजा गेली, येवढी धावपळ केलीस, त्येच लई झालं. आमच्या नशिबात कडीवालाच हुता म्हनायचं.”

हा माणूस परत कधी काही मागणार नाही, हे मला ठाऊक होतं. एकदाच मागितलं होतं, आणि ते मिळालं नाही तर तो ‘राहू दे’ म्हणून आयुष्यभर गप्प बसेल. मी दुपारी तिकीटघरापाशी जाऊन जयवंताला शोधून काढलं. म्हटलं, उद्या आमची शेवटची फेरी आहे.

“मले मालूम आहे,” ती म्हणाली. “मी नंबर बदलून घेतला, सकाळीच. मोठ्याचा भरोसा नाई ताई, दिसला त दिसला. पन काकाजीले घिऊन मीच जाईन.”

सोमवारी पहाटे थंडी मी म्हणत होती. या वेळी जिप्सीत आमच्याबरोबर पुण्याचे करंदीकर नवराबायको होते. करंदीकरांकडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा होता, आणि तो त्यांनी मांडीवर तान्ह्या पोरासारखा गुंडाळून घेतला होता. आईनं शिंक दिली तरी ते “शूऽऽ” करायचे. जयवंतानं ड्रायव्हरला तळ्याचा रस्ता सोडून डावीकडे घ्यायला सांगितलं.

“तिकडे काय आहे?” करंदीकरांनी विचारलं. “काल सगळ्यांना तळ्यावरच दिसलाय.”

“तिकडं गर्दी आहे जी,” जयवंता एवढंच म्हणाली.

तास-सव्वा तास झाला. बांबूच्या बेटांमधून रस्ता जात होता. ऊन अजून जमिनीपर्यंत पोचलं नव्हतं. नाना मागच्या सीटवर कडेला बसले होते, आणि त्यांचा हात सारखा जिप्सीच्या बाजूच्या पत्र्यावरून फिरत होता. मला कळेना, ते काय चाचपतायत. मग लक्षात आलं. उघड्या जिप्सीला दारच नव्हतं, त्यामुळे ओढून बघायला त्यांना काही सापडत नव्हतं.

एकाएकी ते ताठ बसले.

“थांबवा,” ते म्हणाले. “गाडी थांबवा. भाताचा वास येतोय.”

गाडी थांबली. करंदीकरांनी मान वळवून त्यांच्याकडे असं बघितलं की विचारू नका.

“आंबेमोहोर शिजल्यासारखा,” नाना म्हणाले. “अगदी जवळ.”

आईचा चेहरा उतरला. “अगं बाई,” ती माझ्या कानाशी म्हणाली, “भूक लागली आसंल. सकाळी नुस्ता च्या घेतलाय.” मग तिला पुढची भीती वाटली. जंगलात खायचं न्यायला बंदी होती, आणि तिनं पिशवीच्या तळाशी चार धपाटे फडक्यात बांधून आणले होते. “बाय, माज्याकडं धपाटं हाईत,” तिनं जयवंतापुढं आपण होऊन कबुली दिली. “पन भात न्हाई, शप्पत.”

“धपाट्याचा न्हाई गं ह्यो वास!” नाना कुजबुजले.

जयवंता मात्र हसली नाही. ती पुढच्या सीटवर उभी राहून नाकानं हवा घेत होती. मग हळूच मागं वळून तिनं नानांकडे बघितलं.

“बरोबर आहे काकाजी,” ती म्हणाली. “आत्ताच करून गेली. ओलं असंन अजून.” आणि ड्रायव्हरला म्हणाली, “बंद कर. कोनी बोलू नोका.”

वाघ झाडावर मूत्र फवारून खूण करतो, तिचा वास शिजत्या सुवासिक तांदळासारखा येतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नाना मात्र तो वास एकतीस वर्षं अंगावर घेऊन घरी येत होते. आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची आणि म्हणायची, तुमच्या बागेत रोज पंगत असती का?

इंजिन बंद झाल्यावर जंगल एकदम मोठं वाटायला लागलं. समोर रस्त्याच्या उजव्या अंगाला कधीकाळची वनखात्याची रोपवाटिका होती. कुंपणाची तार केव्हाच पडून गेली होती, रोपांची झाडं झाली होती. राहिलं होतं फक्त दार. दोन दगडी खांब आणि त्यात गंजलेलं लोखंडी फाटक, अर्धं उघडं, वेलींनी जखडलेलं. आजूबाजूला भिंत नाही की तार नाही. कुठूनही आत जावं, कुठूनही बाहेर यावं. पण पाऊलवाट मात्र अजून त्या दारातूनच जात होती.

लांब कुठंतरी चितळ ओरडलं. एकदा, मग परत. जयवंतानं नुसता हात वर केला.

आणि ती आली. डावीकडच्या बांबूतून रस्त्यावर उतरली, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि मग आमच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी रस्त्याच्या मधून चालायला लागली. आमच्याच दिशेनं. आईनं धपाट्यांची पिशवी छातीशी धरली होती. करंदीकर लेन्स फिरवत होते आणि दातांतल्या दातांत काहीतरी म्हणत होते. त्यांची लेन्स लांबचं टिपणारी, आणि वाघीण एवढी जवळ येत चालली होती की लेन्सला तिच्यावर नजरच ठरवता येईना.

मी नानांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. मी कान जवळ नेला.

“...नऊ... धा... अकरा...”

त्यांनी श्वास धरला.

“...बारा,” नाना म्हणाले. “तेरा. चौदा.”

ते मोजतच राहिले. बावीस-तेवीसपर्यंत मला ऐकू आलं, पुढं नुसते ओठ हलत होते. वाघीण सावकाश चालत होती. कुठं जायचंय ते तिला ठाऊक होतं आणि घाई अजिबात नव्हती. आमच्यापासून पंधरा-वीस हातांवर ती रस्ता सोडून आमच्या उजवीकडे वळली, रोपवाटिकेच्या पाऊलवाटेवर. त्या फाटकापाशी आली आणि थांबली.

नानांनी माझं मनगट धरलं. माझ्या बांगड्या हातात रुतल्या.

वाघिणीनं फाटकाला नाक लावलं. खांब हुंगला. गंजकी कडी लोंबत होती, तीही हुंगली. बराच वेळ ती तिथंच उभी होती. पुढचा एक पंजा तिनं उचलला आणि तसाच अधांतरी धरला.

“जा,” नाना म्हणाले. मला ऐकू येईल एवढंच. “जा की गं. जा बाय. उघडंच हाय.”

मी चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, ती आमच्यापुढं आणखी थोडा वेळ थांबावी असंच त्यांना वाटत असेल. मग ती जावी म्हणून हा माणूस एवढा कासावीस का होतोय? त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

वाघिणीनं पंजा खाली ठेवला, पण फाटकाच्या आत नाही, जिथून उचलला होता तिथंच. नानांची पकड आणखी घट्ट झाली. मग ती वळली, तिनं फाटकाकडे पाठ केली, शेपूट ताठ वर केली, आणि नेम धरून त्या कडीवर पिचकारी मारली. एवढं झाल्यावर ती परत वळली, अर्ध्या उघड्या फाटकातून अंग आक्रसून आत शिरली आणि झाडांत दिसेनाशी झाली.

वाऱ्याबरोबर आंबेमोहोराचा वास आला.

“कडीवर मुतली!” नाना म्हणाले.

आणि ते हसायला लागले. आधी दबून, मग मोठ्यानं, मग पोट धरून. “शैले, बघितलंस का? कडीवर मुतली! नेम धरून!” त्यांच्या गालांवर पाणी तसंच होतं. करंदीकर “शूऽऽ, शूऽऽ” करत होते. पण तेवढ्यात जयवंतालाही हसू फुटलं, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला. शेवटी करंदीकरांच्या बायकोनं नवऱ्याला सांगितलं, “अहो, गेली ती. आता हसू द्या माणसांना.” आईनं सगळ्यांना धपाटे काढून दिले. बंदी असूनही जयवंतानं अर्धा घेतला. जंगलात नाही खाल्ला, गेटाबाहेर आल्यावर खाल्ला.

दुपारी जेवण झाल्यावर नाना आणि मी तंबूच्या बाहेर बाकड्यावर बसलो होतो. आत आई सामान बांधत होती. मी विचारलं, “नाना, ती तिथं थांबली तेव्हा तुम्ही ‘जा, जा’ का म्हणत होता?”

नाना चपलेनं माती उकरायला लागले.

“तुला टायफाड झाल्ता, आठवतंय?” ते म्हणाले. “सातवीत हुतीस. दवाखान्यात ठिवलं हुतं.”

मला आठवत होतं.

“सोमवार हुता. बागंला सुट्टी. मी चिमणीला खायाला घातलं आन् सायकलवर टांग टाकून तुझ्याकडं निघालो. ध्यान सगळं तुझ्याकडं. चौकापातूर गेलो आन् ध्यानात आलं, मागच्या दाराची कडी लावलीच न्हाई.”

मी त्यांच्याकडे वळून बसले.

“सायकल कशी मारली मला ठावं न्हाई. आलो तर दार उघडं. हातभर. आन् ती दारात उभी. नाक भाईर. मी हितं, आन् ती त्या झाडापाशी, येवढंच अंतर. माझ्याकडं बघितलं. मग भाईर बघितलं. झाडं, रस्ता, समदं. पंजा उचलला.” नानांनी स्वतःचा हात हवेत धरला. “उंबऱ्यावर ठिवला. मला वाटलं, गेलो आता. पोरगी दवाखान्यात आन् मी हितं जातोय.”

“मग?”

“मग तिनं पंजा मागं घेतला. वळली. आत गेली आन् चालाय लागली. अकरा पावलं. वळायचं. परत अकरा.” त्यांनी हात खाली घेतला. “दार उघडं हुतं गं शैले. आन् ती आली न्हाई.”

आतून आईच्या बॅगा ओढण्याचा आवाज येत होता.

“मी कडी लावली. तीनदा वढून बघितली. कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं तर लोक म्हनले आसते, देव पावला. मी तिथं दाराला टेकून रडलो. मीच तिला वाढीवली ना. दूध पाजून वाढीवली. आन् उघडं दार काय असतंय, त्येच तिला कळू दिलं न्हाई.”

एवढी वर्षं मी त्यांच्या मागे उभी राहून ‘लागली, लागली’ म्हणून नक्कल करत आले होते.

“म्हणजे कडी उघडी राहील आणि वाघ बाहेर येईल, ही भीती तुम्हाला...”

“ती त्या दिशीच गेली. परत उघडी ऱ्हायली आन् परत ती भाईर आली न्हाई, तर त्ये मला बघवलं नसतं. म्हनून वढून बघायचो.” ते थोडं हसले. “आज ही बाई आली. तिच्यापुढं बी दार आलं. तिनं काय केलं, बघितलंस न्हवं?”

“बघितलं.”

“मग झालं तर.” मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, “तुझ्या आईला सांगू नगंस. ती माझ्या कडीला हसती. हसू दे तिला.”

मी मान हलवली. त्यांच्या जवळ सरकून बसले, आणि त्यांनी माझ्या हातावरचे बांगड्यांचे वळ बघून ‘अरारा’ म्हणत वर फुंकर घातली. सातवीत होते तेव्हासारखी.

गाडीला अजून दोन तास होते. नाना म्हणाले, जरा आडवा होतो. आत जाऊन पलंगावर पडले. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा आई तोंड धुऊन आली होती आणि पदरानं चेहरा पुसत होती. तंबूचं दार वाऱ्यानं फडफडत होतं.

“अवो, चेन लावली का?” आईनं विचारलं. “पिशव्या उघड्या हाईत. माकडं हाईत हितं.”

“उघडी हाय,” नाना डोळे न उघडता म्हणाले.

“मग लावा की.”

“ऱ्हाऊ दे. वारं येतंय.”

आई जागच्या जागी उभी राहिली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि या माणसाच्या तोंडून ती हे पहिल्यांदा ऐकत होती. तिनं उघड्या दाराकडे बघितलं, मग नानांकडे. ते एव्हाना घोरायला लागले होते. ती हळूच पलंगापाशी गेली, वाकली आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. मग पालथा हात गळ्याला लावून बघितला.

“ताप तर न्हाई गं,” ती माझ्याकडे वळून काळजीनं म्हणाली.